जितके टाके, तितके दिवस

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या त्या घरात आजारी माणसाला जो मान मिळायचा तो बाहेर मोठमोठ्या साहेबांनाही मिळत नसेल. कोणी दवाखान्यातून परत आलं की रस्त्याकडच्या खोलीतला खिडकीजवळचा दिवाण रिकामा व्हायचा. त्यावर कडक इस्त्रीची चादर पडायची, घरचीच लाँड्री, चादरीला काय तोटा. पाठीशी दोन जास्तीच्या उशा, हाताशी पाण्याची बाटली आणि रेडिओ. मग लोक भेटायला यायचे. ते टेकले न टेकले तोच आजारी माणूस सदरा वर करायचा आणि जखम दाखवायचा. जखम दाखवणं हाच त्या घरातला पाहुणचार होता, चहा त्यानंतर.

या सगळ्या कारभाराच्या प्रमुख सासूबाई. त्यांचा नियम साधा होता आणि तो त्यांनी कुठून आणला ते कोणालाच माहीत नव्हतं. जितके टाके, तितके दिवस. म्हणजे अंगावर जेवढे टाके पडले तेवढे दिवस त्या माणसाने दिवाणावरून खाली पाय ठेवायचा नाही. धाकट्या भावजींचं आंत्रपुच्छ फुटलं तेव्हा चांगली वीतभर चीर पडली होती. सासूबाईंनी चष्मा लावून, बोट न टेकवता, वरून खाली टाके मोजले आणि निकाल दिला. भावजी तेवढे दिवस पडून राहिले, वर दोन दिवस लाडाचे. पुढे सासूबाईंचं स्वतःचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा टाके मोजायला त्यांनी हातात आरसा धरला होता.

आणि या प्रत्येक आजारपणात सूप गाळायला, पाठ पुसायला, भांडं द्यायला आणि आलेल्यांचा चहा करायला होती ती वहिनी. गल्ली तिला लाँड्रीवाल्या वहिनी म्हणायची. लग्न होऊन ती आली तेव्हा खाली दोन इस्त्र्या आणि एक लाकडी टेबल होतं. आता वाफेचं मशीन आहे, चादरींसाठी मोठा रोलर आहे, दोन हॉटेलांचं कायमचं काम आहे. मालक, म्हणजे तिचा नवरा, काउंटरवर बसतात. कामगार त्यांना मालक म्हणायचे, म्हणून तीही म्हणू लागली. आधी थट्टेने म्हणायची, नंतर थट्टा कुठे गेली ते तिलाही कळलं नाही. मशीनवर ती. रोलरवर ती. हॉटेलच्या चादरींचे ओले गठ्ठे पाण्याने दुप्पट जड होतात, ते टोपलीतून उचलून रोलरपर्यंत न्यायचे. दुपारी वर जाऊन स्वयंपाक, परत खाली. तिच्या उजव्या मनगटावर वाफेचे जुने डाग होते आणि ती ते बांगड्यांआड लपवायची. भाजल्याला टाके पडत नाहीत, म्हणून त्या घरात भाजणं मोजत नव्हते.

तिची तीन बाळंतपणं झाली. तिसऱ्या वेळी बरेच टाके पडले. घरी आल्यावर तिने मान खाली घालून सासूबाईंना तसं सांगितलं.

“अगं, ते टाके नाही मोजत,” सासूबाई म्हणाल्या. “ते काय आजारपण आहे?”

त्यात वाईट बोलायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांच्या मते खरंच ते आजारपण नव्हतं. शिवाय त्या आठवड्यात दिवाणावर मालक होते. त्यांच्या कंबरेत उसण भरली होती.

वहिनीची एक इच्छा होती आणि तिची तिला फार लाज वाटायची. तिला एकदा त्या दिवाणावर पडायचं होतं. मरायचं नव्हतं, मोठं दुखणंही नको होतं. एखादं मधलं हवं होतं, ज्यात माणूस दगावत नाही पण टाके भरपूर पडतात. दुपारच्या उन्हात खिडकीपाशी पडून राहावं, खालून मशीनचा आवाज यावा आणि ते मशीन आपण चालवत नसावं. कोणीतरी विचारावं, काय देऊ? एवढंच. मुलं मोठी झाली, आपापल्या गावी गेली, केस पांढरे झाले, तरी इच्छा तशीच होती. प्रकृतीने मात्र ती दगडासारखी ठणठणीत होती. घरातले तसं कौतुकाने म्हणायचे, आणि ते ऐकलं की तिचा जीव जळायचा.

मग एकदा तिची पाठ दुखायला लागली. मुतखडा असेल म्हणून तिला सोनोग्राफीला पाठवलं. खडा निघाला नाही. सोनोग्राफीवाले डॉक्टर मात्र डाव्या बरगडीखाली पुन्हा पुन्हा यंत्र फिरवायला लागले, आणि त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातल्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

हे डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते आणि भराभर बोलायचे. मालक गाडी लावायला जागा शोधत होते, म्हणून आत ती एकटीच होती. डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं. “इथे डावीकडे प्लीहा असते. तिला रक्त नेणारी जी धमनी आहे, तिची भिंत एका जागी पातळ झाली आहे आणि तिथे फुगा आला आहे. साधारण छोट्या लिंबाएवढा. मुलं किती तुम्हाला?”

“तीन.”

“बाळंतपणांत या धमनीवर ताण येतो. बऱ्याच बायकांमध्ये असा फुगा सापडतो तो त्यामुळेच.”

वहिनीला क्षणभर बरंच वाटलं. न मोजलेल्या बाळंतपणांची कुठेतरी नोंद झाली होती.

“फुटला तर?” तिने विचारलं.

“फुटला तर पोटात रक्तस्राव होतो, आणि मग आमच्या हातात फार काही उरत नाही. म्हणून फुटायच्या आधी बंद करायचा. पण घाबरू नका, आता हे सोपं झालं आहे. पूर्वी पोट उघडावं लागायचं. आता जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी घालतो, ती आतल्या आत फुग्यापर्यंत नेतो, आणि नळीतून अगदी नाजूक तार सोडतो. तार फुग्यात जाऊन स्वतःच वेटोळी घालते. रक्त तिथे गोठतं, फुगा भरून बंद. भूलसुद्धा फक्त जांघेपुरती. दुसऱ्या दिवशी घरी.”

“टाके किती पडतात?”

“एकही नाही!” डॉक्टर म्हणाले. ही त्यांच्या आवडीची जागा असावी, कारण ते मोठ्यांदा हसले. “टाचणीएवढं भोक. दोन दिवसांनी शोधूनही सापडणार नाही.”

वहिनी त्या कागदावरच्या पोटाकडे बघत बसली. मग पदर सावरून ती म्हणाली, “डॉक्टर, माझं पोट फाडूनच करा.”

“काय?”

“पूर्वी करायचे ना तसं. वरून खाली. चालेल मला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पोट उघडण्यात धोका जास्त आहे, महिनाभर तरी उठता येत नाही, दुखतं फार, हे सगळं त्यांनी तिला नीट समजावलं. महिनाभर उठता येत नाही, हे ऐकताना तिचे डोळे चमकले ते त्यांच्या लक्षात आलं नाही. का हवंय असं, हेही त्यांनी दोनदा विचारलं. तिला काय सांगता येणार होतं? दिवाणाचं सांगायचं? सासूबाईंच्या चष्म्याचं सांगायचं? “पक्कं होतं म्हणून,” एवढंच ती पुटपुटली.

तेवढ्यात मालक आत आले. “या, या,” डॉक्टर म्हणाले, “बाईंना जरा धीर द्या. तुमच्या बाई पोट फाडूनच करा म्हणतायत!” मालक आधी बघतच राहिले आणि मग असे हसले की बाहेरची सिस्टर डोकावून गेली. डॉक्टरही हसले. वहिनीही हसली, कारण दोन माणसं हसत असताना तिसऱ्याने रडणं बरं दिसत नाही.

ते हसणं त्या खोलीत थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मालकांना काउंटरवर बोलायला विषय लागतो. “आमच्या हिला फाडून हवं होतं! लोक चुकवायला बघतात, ही मागून घेते!” शर्ट न्यायला आलेली माणसं हसायची, पावती घ्यायची, जायची. आत मशीनवर वहिनीला सगळं ऐकू यायचं. वाफ सोडायचा पेडल ती मग जरा जोरात दाबायची.

ठरलेल्या दिवशी जाण्याआधी तिने एक गोष्ट केली. पहाटे उठून एक पांढरी चादर खळ घालून इस्त्री केली आणि दिवाणावर ताणून घातली. उशा लावल्या. दुसरं कोणी घालेल याचा भरवसा नव्हता, आणि शून्य टाक्यांना निदान एक दिवस तरी मिळेल अशी तिला वेडी आशा होती.

हॉस्पिटलातलं तिला पुढे नेहमी आठवायचं. थंडगार खोली, डोक्यावर हलणारं मोठं यंत्र आणि बाजूला पडदा. जांघेत टोचल्याचं कळलं आणि मग नुसतं कोणीतरी आत चालतंय असं वाटत राहिलं. पडद्यावर तिला स्वतःच्याच पोटातल्या धमन्या दिसल्या. औषध सोडलं की काळ्या फांद्या उमटायच्या आणि विरून जायच्या. मग तो फुगा. मग त्यात तार शिरली आणि लोकरीच्या गुंड्यासारखी गोल गोल होत गेली. डॉक्टर म्हणाले, “छान बसली.” दुखलं असं काही नाही. तिला उगाचच वाटलं, हे एवढं सुंदर काम चाललंय आणि हे कोणाला दाखवता येणार नाही.

वॉर्डात आणल्यावर सिस्टरने सांगितलं, “पाय अजिबात हलवायचा नाही. उठायचं नाही. उताणं पडून राहा, सहा तास. काही लागलं तर बेल दाबा, आम्ही येतो.”

वहिनीला रडू फुटलं. सिस्टर घाबरली. “दुखतंय का?”

“नाही हो,” ती म्हणाली. “बरं वाटतंय.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला हलू नको म्हणत होतं, आणि तेही दरडावून. ते तास तिने पुरवून पुरवून खाल्ले. बेल मात्र एकदाही दाबली नाही. दाबून काय मागायचं ते तिला सुचलंच नाही.

सोडताना डॉक्टरांनी मालकांना सगळं बजावलं. दोनतीन दिवस ताप येईल, डाव्या बाजूला दुखेल, ते अपेक्षित आहे. वजन उचलायचं नाही. आणि काही महिन्यांनी स्कॅन करायलाच हवं, कारण कधीकधी तारेच्या फटीतून रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. मालक मान डोलवत होते. हॉटेलची गाडी दुकानापाशी येऊन थांबल्याचा फोन तेव्हाच आला होता.

घरी सगळे वाट बघत होते. भावजी होते, वन्सं मुद्दाम आल्या होत्या. मालकांनी जिन्यातूनच सांगितलं, “झालं! टाचणीएवढं भोक. जिवावरचं बोटावर निभावलं.”

“टाके किती?” सासूबाईंनी विचारलं.

“एकही नाही!” मालक डॉक्टरांच्याच थाटात म्हणाले.

सासूबाईंचा चष्मा हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा उतरली. खोटं कशाला बोला, त्या सुनेसाठी सूप करायला सांगून बसल्या होत्या. “मग काय,” त्या म्हणाल्या, “बरंच झालं म्हणायचं. दाखव तरी कुठे आहे ते.”

आणि इथे वहिनीची खरी पंचाईत झाली. जागा जांघेत. समोर भावजी बसलेले. दाखवणार काय आणि कसं? “नाही दिसत आता,” ती म्हणाली आणि विषय तिथेच मिटला. जी जखम दिसत नाही, दाखवता येत नाही आणि जिला टाका नाही, ती त्या घराच्या लेखी झालीच नव्हती.

दिवाणावर हॉटेलच्या अभ्र्यांचा ढीग होता. “चादर स्वच्छ दिसली म्हणून ठेवले,” वन्सं म्हणाल्या. “वहिनी, तू बसल्या बसल्या घड्या घालशील का? बसून करायचं काम आहे.”

तिने घड्या घातल्या.

ताप आला. डाव्या बरगडीखाली असं दुखायचं की श्वास अर्ध्यात थांबवावा लागायचा. “एवढ्याशा भोकाला ताप?” सासूबाईंना खरंच नवल वाटलं. जांघेतलं रक्त कातडीखाली पसरलं आणि मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली. बघणाऱ्याचा थरकाप उडावा अशी ती मांडी होती. त्या घरात आजवर कोणाकडे असं काही नव्हतं, आणि ते होतं तेही लुगड्याआड. तिसऱ्या दिवशी न राहवून तिने वन्संना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि दाखवलं.

वन्संनी वाकून बघितलं. “अगं, मला तर टेबलाचा कोपरा लागला तरी याहून मोठं होतं,” त्या म्हणाल्या. “तुला ना वहिनी, फाडून न मिळाल्याचं दुःख झालंय!” आणि हसत हसत त्या बाहेर सांगायला गेल्या.

त्या दिवशी वहिनी मशीनवर परत उभी राहिली. कोणी जबरदस्ती केली असं कोणी म्हणू शकणार नाही. कोणी उभी राहा म्हणालं नाही, तसं पडून राहा असंही कोणी म्हणालं नाही. ओले गठ्ठे उचलायला भावजींनी दोन दिवस हात लावला, तिसऱ्या दिवशी त्यांना काम निघालं. तिला राग आला तो घरच्यांचा नाही. तिला राग आला त्या डॉक्टरचा, त्याच्या तारेचा, त्याच्या हुशारीचा. पोट फाडलं असतं तर? वरून खाली चांगली चीर पडली असती, सासूबाईंनी टाके मोजले असते, आणि मोजता मोजता त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. या घरात माणुसकी नाही असं नव्हतं. ती टाक्यांवर मिळत होती, आणि आपल्याला टाका मिळाला नाही. असं तिने स्वतःला समजावलं. हे समजावणं सोयीचं होतं, कारण मग कोणाला दोष द्यावा लागत नव्हता.

स्कॅनची वेळ आली तेव्हा हॉटेलात गर्दीचा हंगाम होता. “ठणठणीत तर आहेस,” मालक म्हणाले. “पुढच्या महिन्यात जाऊ.” पुढचा महिना आला आणि गेला. मग त्या गोष्टीचं नावच निघेना. तिनेही काढलं नाही. कधीकधी गठ्ठा उचलताना डाव्या बाजूला काहीतरी ओढ लागायची, तेव्हा ती थांबायची, कुशीवर हात ठेवायची आणि पुढचा गठ्ठा उचलायची.

अशात मालकांना हर्निया झाला. गठ्ठा उचलून नव्हे, गठ्ठा त्यांनी कित्येक वर्षांत उचलला नव्हता. काउंटरवर गिऱ्हाईक होतं म्हणून शिंक दाबली, तेव्हा झाला. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर तीन बारीक भोकं, एकेका भोकाला एकेक टाका, आणि आत जाळी बसवलेली. दुसऱ्या दिवशी मालक चालत जिना चढून घरी आले.

वहिनी जिन्याच्या वर उभी होती. तिने मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं. तीन टाके, तीन दिवस. चौथ्या दिवशी काउंटर.

दिवाण रिकामा झाला. चादर पडली, तिनेच घातली. मालक आडवे झाले, सदरा वर केला, आणि सासूबाई चष्मा लावून वाकल्या.

“आई गं,” सासूबाई म्हणाल्या. “केवढं सोसलंय पोराने.”

“तीन आहेत,” वहिनी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“बाहेर तीन!” सासूबाई सरळ झाल्या. “आतले कोणी मोजलेत? आत केवढी जाळी बसवली आहे माहीत आहे का?”

“माझ्याही आत तार आहे.”

“तार वेगळी आणि जाळी वेगळी,” सासूबाई म्हणाल्या.

तीन दिवस झाले. आठवडा झाला. तिसरा आठवडा लागला. लोक येत होते, सदरा वर होत होता, लोक तीन ठिपक्यांकडे बघून चक् चक् करत होते. कधी ठिपके सापडायचे नाहीत, तेव्हा मालक बोट ठेवून दाखवायचे. वहिनी खालून वर, वरून खाली. काउंटरही आता तिच्याकडे. एका दुपारी ती सुपाचा वाडगा घेऊन दारात आली, तेव्हा वन्संचे सासरे ठिपके बघत होते आणि मालक सांगत होते, “हे असं वरवर काही वाटत नाही, पण आतून माणूस पार खलास होतो.”

वहिनी तिथेच थांबली. एवढी वर्षं ती टाके मोजत आली होती. भावजींचे, सासूबाईंचे, आपले न मोजलेले. आणि टाक्यांचा काही संबंधच नव्हता. नियम सगळ्यांना सारखा आहे असं तिला वाटत होतं आणि आपलंच नशीब फुटकं. नियम फक्त तिच्यासाठी होता. तिचं पोट मानेपासून गुडघ्यापर्यंत फाडलं असतं तरी कोणीतरी म्हणालं असतं की हे टाके नाही मोजत. वाडगा तिने दिवाणाजवळ ठेवला, सूप सांडलं नाही, आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांची औषधं आणायला म्हणून ती हॉस्पिटलात गेली आणि तिथेच रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांच्या दाराशी बसून राहिली. स्कॅन झालं. डॉक्टर पडद्याकडे बघून गंभीर झाले. “उशीर केलात,” ते म्हणाले. “वेटोळ्यांच्या मधून रक्त परत शिरतंय. फुगा थोडा वाढलाय. अजून तार भरावी लागेल. उद्याच करू.” मग त्यांना जुनं काहीतरी आठवलं आणि ते हसले. “या वेळी पोट फाडा म्हणणार नाही ना?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “त्याने काही होत नाही, ते कळलं मला.”

“शाबास,” डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, बाईंना विज्ञान पटलं.

घरी तिने सांगितलं. मालक दिवाणावर कुशीला वळले. “परत तेच? ते टाचणीचं? बरं. लवकर ये मात्र.”

सोबत शेजारच्या दुकानातली शिलाईवाली आली, सही केली आणि दुकान उघडायला परत गेली. तीच थंड खोली, तोच पडदा. या वेळी वहिनीने पडद्याकडे बघितलं नाही. दुपारी ती वॉर्डात उताणी पडली होती, पाय सरळ, तेव्हा उशीजवळचा फोन वाजला.

“झालं का?” मालकांचा आवाज. मागे रेडिओ चालू होता.

“झालं.”

“मग निघतेस ना? धाकटा काउंटरवर वैतागलाय. हॉटेलवाले दोनदा येऊन गेले.”

वहिनीला माहीत होतं. कालपरवाच सगळं कळलं होतं, वाडगा हातात घेऊन उभी असताना कळलं होतं. तरी माणसाचं मन किती निर्लज्ज असतं पाहा, ते अजून एकदा विचारून बघतंच.

“आज नाही निघता येणार,” ती म्हणाली. “या वेळी तारेने भागलं नाही. पोट फाडावं लागलं.”

“काय म्हणतेस?”

“वरून खाली. टाके खूप आहेत. मोजले नाहीत अजून.”

पलीकडे रेडिओ बंद झाला. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारल्याचं तिला ऐकू आलं, आणि मालक फोनवर हात धरून म्हणाले, “पोट फाडलं म्हणते. वरून खाली.” वहिनीने फोन कानाशी घट्ट दाबून धरला. दुखतंय का, म्हणतील. डॉक्टर काय म्हणाले, विचारतील. कोणाला पाठवू, म्हणतील. निदान एवढंच म्हणतील, अरेरे.

“मग आता माझं कोण करणार?” मालकांनी विचारलं.

ती छताकडे बघत होती. “माहीत नाही,” ती म्हणाली. त्या घरातल्या कुठल्याही प्रश्नाला लग्न झाल्यापासून तिने हे उत्तर दिलं नव्हतं. मालक हॅलो हॅलो करत राहिले. तिने फोन बंद केला नाही. तो पोटावर पालथा ठेवला आणि आतलं बोलणं थांबेपर्यंत तसाच राहू दिला.